आयरिश फुटबॉलपटू जॉनी कॅरी मुळात बचावपटू नव्हता, तरी राइट-बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू) म्हणून इतका मोठा कसा ठरला?

मुळात बचावपटू नव्हता म्हणूनच, असं माझं ठाम मत आहे.

मँचेस्टर युनायटेडने 1936 मध्ये डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेटकडून 250 पौंडांत त्याला घेतलं, तेव्हा तो इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे आघाडीत खेळायचा. वय अवघं 17. ऐन उमेदीची वर्षं मात्र महायुद्धाने खाल्ली. आयर्लंड तटस्थ असूनही तो ब्रिटिश सैन्यात गेला. लढाई संपली तेव्हा युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड बॉम्बहल्ल्यात मोडून पडलं होतं आणि क्लबची सूत्रं मॅट बस्बीकडे आली होती. बस्बीने त्याला कर्णधार केलं आणि एकेक पायरी मागे आणत राइट-बॅकला उभं केलं. दुसऱ्या बाजूचा जॉन ॲस्टनसुद्धा आघाडीतूनच आलेला.

त्या काळच्या फुलबॅकचं, म्हणजे कडेच्या बचावपटूचं, काम ठरलेलं असे: कडेने चढाई करणाऱ्या विंगरला अडवा, चेंडू लांब उडवून द्या, मोकळे व्हा. कॅरीला ते पटणारं नव्हतं. चेंडू पायात आला की तो घाई करत नसे. वर बघून आपल्या माणसाला नीट पास देई आणि युनायटेडची चढाई तिथूनच सुरू होई. पुढे खेळलेल्या माणसाला आघाडीपटूला चेंडू कुठे आणि कसा हवा असतो हे कळतं. आज बचावपटूकडून ही अपेक्षा सगळेच करतात, पण 1948 मध्ये ती गोष्ट विरळाच होती.

त्या वर्षीच्या एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये ब्लॅकपूलविरुद्ध 1-2 मागे पडूनही युनायटेड 4-2 जिंकलं. 1909 नंतरचा तो त्यांचा पहिला कप. पुढच्या वर्षी कॅरी फुटबॉल पत्रकारांचा 'सर्वोत्तम खेळाडू' ठरला, आणि 1952 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली 41 वर्षांनी लीग जिंकली. गरज पडली तेव्हा एका सामन्यात तो गोलकीपरही झाला!

तो दोन्ही आयर्लंडकडून खेळला, हेही खरं आहे. तेव्हा बेलफास्ट (उत्तर आयर्लंड) आणि डब्लिन, दोन्हीकडच्या फुटबॉल संघटना अख्ख्या बेटावरून खेळाडू निवडत. सप्टेंबर 1946 मध्ये दोन दिवसांच्या अंतराने तो इंग्लंडविरुद्ध आधी बेलफास्टला आणि मग डब्लिनला उतरला. दोन्ही सामने हरला.

पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो 21 सप्टेंबर 1949 चा गुडिसन पार्कवरचा सामना. इंग्लंडला त्यांच्या घरी हरवणारा ब्रिटनबाहेरचा पहिला संघ म्हणून लोक 1953 च्या हंगेरीचं नाव घेतात. लंडनच्या वेम्बली मैदानापुरतं ते बरोबर आहे. पण त्याच्या चार वर्षं आधी डब्लिनच्या संघटनेचा आयर्लंड संघ लिव्हरपूल शहरात 2-0 जिंकून गेला होता. कॉन मार्टिनची पेनल्टी आणि पीटर फॅरेलचा गोल. इंग्लंडकडून त्या दिवशी ॲस्टन खेळत होता, आणि आयर्लंडचा कर्णधार होता कॅरी.