लेकीनं बातम्या सांगाव्यात, पण आपल्या गावच्या नकोत?

पत्र उदगीरहून आलं आहे. लिहिणारे वडील आहेत, कृषी सेवा केंद्र चालवतात. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावी सायन्सनंतर लातूरला राहून तिनं दोनदा मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा दिली, नंबर लागला नाही. आता तिला पत्रकार व्हायचंय. आधी आकाशवाणी किंवा एखादी वृत्तवाहिनी, आणि पुढं वर्तमानपत्रात स्वतःचं सदर. वडिलांनी होकार दिलाय, पण तीन अटींवर. काम मुंबई-पुण्यातच करायचं. तीन वर्षांत पडद्यावर दिसायचं, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. आणि 'गावंढळ बोलणं' सुधारायचं. त्यासाठी ऑनलाईन उच्चारांचा क्लास लावून झालाय, आता पुण्यातल्या सहा महिन्यांच्या अँकरिंग कोर्सला दीड लाख भरायची तयारी आहे. त्यांचा प्रश्न एवढाच, की कोर्स चांगला आहे का?

नमस्कार दादा,

कोर्सचं सांगतेच. पण दुसऱ्या पानावरच्या एका वाक्यापाशी मी थांबले आणि बराच वेळ पुढं वाचलंच नाही. तुम्ही लिहिलंय, "क्लास लावल्यापासून घरात कमी बोलते, आईशीसुद्धा शब्द जपून बोलते, पण सुधारणा आहे."

वीस-एकवीस वर्षांची मुलगी स्वयंपाकघरात आईशी बोलताना अडखळायला लागली, आणि तुम्हाला ती सुधारणा वाटली. मला ती काळजीची गोष्ट वाटते, तिच्या नीटच्या मार्कांपेक्षा कितीतरी जास्त. तुम्ही हे वाईट हेतूनं केलेलं नाही. चार लोकांत तिला कुणी हसू नये म्हणूनच केलंत. पण ज्या मुलीला आयुष्यभर लोकांशी बोलून पोट भरायचंय, तिला तुम्ही घरातच बोलायची धास्ती लावलीत. तो क्लास आजच बंद करा.

बोलीबद्दलचा हा गैरसमज मला दर महिन्याला दोन-तीन पत्रांत भेटतो, म्हणून सविस्तर लिहिते. बातमीपत्र वाचायला प्रमाण मराठी लागते, हे खरं आहे. ण आणि न, ळ आणि ल, श आणि स हे वेगळे ऐकू यायला हवेत. त्यासाठी रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं. तीन-चार महिन्यांत फरक पडतो, पैसा लागत नाही. पण त्यासाठी 'काय करूलालास' तोंडातून हद्दपार करायची गरज नाही. दोन्ही भाषा एका तोंडात सुखानं नांदतात, तुमच्या उदगीरला तर मराठीसोबत कन्नड, तेलुगू आणि दखनीही नांदतात. मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते तेव्हाची गोष्ट सांगते. ऊसतोडीची एक बातमी आली, 'उचल घेऊन बारा कोयते पसार'. शहरातून आलेल्या एका हुशार मुलानं तिला कोयत्यांच्या चोरीचा मथळा दिला. कोयता म्हणजे तोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी, आणि उचल म्हणजे मुकादमानं दिलेली आगाऊ रक्कम, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. चोवीस माणसं कामावरून का पळाली, ही खरी बातमी होती आणि ती छपाईला जाता जाता वाचली, कारण पान लावणारा माणूस ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या केज भागातला होता. आकाशवाणी नैमित्तिक वृत्तनिवेदक घेते तेव्हा आवाजाबरोबर भाषांतराचीही परीक्षा घेते. इंग्रजीतून आलेला मजकूर ऐकणाऱ्याला एका दमात कळेल अशा मराठीत उतरवायचा असतो. ज्याच्या कानात बोली आहे त्याला तो शब्द चटकन सापडतो.

आता तुमच्या लेकीच्या जुन्या लिखाणाच्या कात्रणाकडे येते. तुम्ही ते पत्रासोबत का जोडलंत, याचा मी विचार करत होते. 2020 चा जून. टाळेबंदीत भूगोलाचा पेपर रद्द झालेली ती दहावीची बॅच, मुलगी घरी होती आणि तुमच्या काऊंटरवर बसत होती. त्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तिनं स्थानिक दैनिकाच्या वाचकांच्या पानावर लिहिलं: "पप्पांच्या दुकानात रोज वीस-पंचवीस माणसं येतात. आधी बियाणं घ्यायला यायची, आता रिकामी पिशवी घेऊन येतात. कुणी पिशवीवरचा टॅग फाडून टाकला, कुणाच्या टॅगवर चहा सांडला. टॅग नसला तर तक्रार घेत नाहीत. एक आजोबा म्हणाले, टॅगची गरज पडंल असं पेरताना कुणी सांगितलंच न्हाई."

पंधरा वर्षांच्या मुलीनं लिहिलेला हा मजकूर मी चारदा वाचला. त्यात अन्याय, संताप, बळीराजा असला एकही शब्द नाही. पावती, पिशवी आणि टॅग, म्हणजे पिशवीला लावलेली बियाण्याच्या माहितीची चिठ्ठी, असेल तरच तालुक्याची तक्रार समिती शेतात पंचनाम्याला येते. तिनं टॅगच हरवलेल्या माणसाकडे पाहिलं, ज्याची तक्रार कागदावर येणारच नव्हती. मोठमोठ्या बातमीदारांना जी नजर दहा वर्षांत येते, ती तिच्याकडे तेव्हाच होती.

आणि मग तुम्ही लिहिता, की बियाणं कंपनीचा माणूस दुकानात येऊन बोलून गेला, तुम्ही तिला रागावलात, आणि तेव्हापासून तिला काऊंटरवर बसवत नाही.

दादा, स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्हाला तिच्यासाठी मुंबई का हवी आहे, ते मला इथं कळलं. मुंबईच्या स्टुडिओत बसून ती देशाच्या राजकारणावर बोलेल, पण तुमच्या गिऱ्हाइकांवर, तुमच्या पुरवठादारांवर, मोंढ्यातल्या आडत्यांवर बोलणार नाही. लेकीनं पडद्यावर दिसावं आणि ओळखीच्या कुणालाही तिच्यामुळं अडचण होऊ नये, असं तुम्हाला वाटतं. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दुकान परवान्यावर चालतं, माल उधारीवर येतो, आणि तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात. पण ही भीती तुमची आहे. ती तिच्या करिअरची अट म्हणून तिच्या गळ्यात बांधू नका. घरच्या धंद्याशी संबंधित बातमी करताना नातं आधी सांगायचं असतं, किंवा ती बातमी दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यायची असते. नातं तर तिनं पहिल्याच दोन शब्दांत सांगून टाकलं होतं. 'पप्पांच्या दुकानात.'

अँकर होणं म्हणजेच पत्रकार होणं, हे गणितही जरा सोडून द्या. बुलेटिनमध्ये अँकर प्रॉम्प्टरवरचं, म्हणजे कॅमेऱ्यासमोर सरकणाऱ्या ओळी, वाचते. त्या ओळी डेस्कवर कुणीतरी लिहिलेल्या असतात, आणि त्यांच्या मुळाशी तालुक्यातल्या एखाद्या स्ट्रिंगरनं, म्हणजे पगारावर नसलेल्या बातमीदारानं, मोबाईलवर पाठवलेले दोन बाईट (लोकांच्या बोलण्याचे तुकडे) आणि पाच ओळींचा मजकूर असतो. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन दहा वाघिणींची गाडी लातूरला आली, तेव्हा देशभरातले कॅमेरे स्टेशनवर होते. गाडी यायच्या आधी मार्चमध्येच पाण्याच्या ठिकाणांजवळ जमावबंदी लागली होती. कुठल्या गल्लीत किती दिवसांनी टँकर येतो आणि हंड्यांच्या रांगेत रात्री कोण बसतं, हे तिथल्या बातमीदारांना आधीपासून माहीत होतं. गाडीची दृश्यं संपल्यावर बाहेरच्या वाहिन्यांनी फोन लावले ते त्यांनाच.

पैशाचंही उघड बोलू. स्ट्रिंगरला बहुतेक ठिकाणी बातमी लागली तरच पैसे मिळतात, ती लागेलच असं नाही. तालुका प्रतिनिधीचं मानधन इतकं तुटपुंजं असतं की बहुतेक जण सोबत शिकवणी, शेती किंवा दुकान सांभाळतात. यातली सगळ्यात वाईट गोष्ट मात्र मानधन नाही, जाहिरातीचं टार्गेट आहे. वर्धापनदिनाची आणि दिवाळीची पुरवणी निघते आणि बातमीदारालाच कमिशनवर जाहिराती गोळा करायला लावतात. ज्या सभापतीवर सोमवारी बातमी केली, त्याच्याच दारात मंगळवारी पावतीपुस्तक घेऊन जायचं. मी चार वर्षांत चांगली चांगली माणसं यात वाकलेली पाहिली, आणि मी ती नोकरी सोडली तीही याच कारणानं. म्हणून तुमच्या पत्रातलं ते वाक्य, "मी दरवर्षी दिवाळी पुरवणीला जाहिरात देतो, तिथं तिला चिकटवता येईल", कृपा करून अमलात आणू नका. तुमच्या जाहिरातीवर मिळालेल्या नोकरीत तिला पहिल्या दिवसापासून गप्प बसावं लागेल. कुठंही रुजू होताना तिनं एकच विचारावं, बातमीदारानं जाहिराती आणायच्या आहेत का? उत्तर 'हो' असेल तर तिथून उठावं.

सदराचं म्हणाल तर त्याची वेगळी भरती नसते. मराठीत बहुतेक सदरं मानधनावर चालतात आणि ती आधीच्या कामातून मिळतात. उत्तम कांबळे वर्षानुवर्षं बातमीदारी करत संपादक झाले आणि 2010 मध्ये ठाण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दैनिक 'मराठवाडा'चे अनंत भालेराव हैदराबाद मुक्तिसंग्रामातून पत्रकारितेत आले होते, त्यांच्या लेखणीमागं पायाखालून गेलेली गावं होती. तिनं सदराची वाट बघू नये. दर आठवड्याला सहाशे शब्द लिहून वहीत ठेवावेत. वर्षभरानं संपादकांना दाखवायला बावन्न नमुने तयार असतील.

शिक्षणाच्या वाटा सरळ आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं माध्यमशास्त्र संकुल, छत्रपती संभाजीनगरचा विद्यापीठातला पत्रकारिता विभाग, पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट, आणि भारतीय जनसंचार संस्थेच्या (आयआयएमसी) अमरावती केंद्रातली मराठी पत्रकारितेची पदविका. आकाशवाणीला जिल्ह्याजिल्ह्यांत अंशकालीन वार्ताहर लागतात, तो मार्ग पदवी आणि थोड्या अनुभवानंतर. मात्र कायमच्या भरवशावर तिथंही राहू नये. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला होता आणि लोकांनी आवाज उठवल्यावर तो थांबला.

अँकरिंगच्या कोर्सला दीड लाख देऊ नका. सहा महिन्यांत ते कॅमेऱ्याकडे बघायला, मेकअप करायला आणि प्रॉम्प्टर वाचायला शिकवतील. हे तिला नोकरीच्या पहिल्या पंधरवड्यात फुकट शिकता येईल. त्यातल्या थोड्या पैशांत चांगला फोन, ट्रायपॉड, कॉलर माईक आणि एक जुनी स्कूटी घ्या. उरलेले पदव्युत्तर शिक्षणासाठी ठेवा. स्कूटीचं मुद्दाम लिहिते, कारण रात्री आठला ग्रामसभा संपल्यावर परत कसं यायचं, हा मुलींच्या पत्रकारितेतला रोजचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर घरानं द्यायचं असतं. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात 2017 चा कायदा आहे, पण त्या रात्री तिला फाट्यावर घ्यायला तुम्हीच येणार आहात.

आणि ती तीन वर्षांची अट काढून टाका. नीटची दोन वर्षं तिनं तुमच्या घड्याळावर काढली. या पेशात पहिली तीन वर्षं माणसं ओळखण्यात, आपली ओळख करून देण्यात, चुकण्यात जातात. डोक्यावर लग्नाची तारीख टांगलेली मुलगी घाईनं पडद्यावर जाईल, कुठल्याही वाहिनीवर, कुठलाही मजकूर वाचायला. तिच्या लग्नाबद्दल तिच्याशी वेगळं बोला, करिअरच्या हिशेबात ते धरू नका.

तुमची चार पानं वाचली, पण तिला काय वाटतं ते त्यात कुठंच नाही. ती कुठलं बातमीपत्र ऐकते, कुणाचं लिखाण आवडतं, मुंबईला जायचंय की नाही, हे मला तिच्याकडून हवंय. येत्या जूनमध्ये पेरणीच्या आठवड्यात तिला परत काऊंटरवर बसवा. तिनं चार दिवस गिऱ्हाइकांचं ऐकावं आणि जे ऐकलं ते मला लिहून पाठवावं, घरी बोलते त्याच भाषेत. पत्ता तिच्याकडे द्या. आणि तिचं पत्र पाकिटात घालायच्या आधी तुम्ही वाचू नका.