निवडणूक निकालाच्या दिवशी एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची ठराविक गुंतवणूक) थांबवू का? आणि उलव्याचा प्लॉट घेऊ का?

नको थांबवूस. ऐरोलीच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुणीही अर्थतज्ज्ञ होतो. 3 जून 2024 ला एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळला, 4 जूनला निकाल लागताना जवळपास 4,400 अंकांनी आपटला आणि 7 जूनला विक्रमी पातळीवर बंद झाला. सरकार कुणाचं येणार यावर पैज लावणारे बरेच जण त्या आठवड्यात दोन्हीकडून पोळले असतील.

लक्ष ठेवायचंच तर करांवर ठेव. त्याच वर्षी 23 जुलैच्या अर्थसंकल्पात इक्विटीच्या, म्हणजे शेअर आणि शेअर फंडांच्या, दीर्घकालीन नफ्यावरचा कर 10 वरून 12.5 टक्के झाला. वर्षाच्या आत विकलंस तर 15 ऐवजी 20. सव्वा लाखापर्यंतचा वार्षिक दीर्घकालीन नफा मात्र करमुक्त ठेवला.

राहिला उलव्याचा प्लॉट. तिथल्या नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी 2018 मध्ये झालं, उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये. इतकी वर्षं पैसे अडकवून ठेवता येतील का तुला? (एजंट हे विचारणार नाही, त्याची दलाली व्यवहार झाला की सुटते.) साडेबारा टक्के योजनेतला (जमीन संपादित झालेल्यांना मोबदल्यात मिळालेला) भूखंड असेल तर सिडकोचे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे, कागद आधी वकिलाला दाखव, बयाणा त्यानंतर.