सगळ्यालाच बेडी म्हणू नका

ठाण्यातला एक गट विज्ञानकथेवर बेतलेल्या रोल-प्लेइंग गेमचं नियमपुस्तक मराठीत करतो आहे. कैद्याला जखडायच्या पाच उपकरणांना त्यांना नावं हवी आहेत : मनगटाची चुंबकी कडी, हद्द ओलांडली की झटका देणारं घोट्यातलं कडं, पळू लागताच जड होणारा गळपट्टा, दंड मागे खेचून आपोआप आवळणारी तार आणि भिंतीत बसवलेली चौकट. सगळ्यांना ‘बेडी’ म्हटलं तर चालेल का, हा प्रश्न.

नाही चालणार. बेडी मुळात पायातली. लोहार तिची टोकं जुळवून खिळा ठोकायचा, म्हणून ‘बेड्या ठोकल्या’. बातम्यांत त्या आज हातालाही ठोकतात, पण हातकडीत ठोकण्यासारखं काही नसतं. तिच्या पात्याला करवतीसारखे दाते असतात. ते खटक्यावरून आत सरकतात, मागे येत नाहीत. दाते जागच्या जागी अडवणारं दुसरं कुलूप लावलं नाही, तर धडपडीत ती आवळतच जाते, मनगटाची नस दबते आणि अंगठ्यामागची जागा बधिर होते. तेव्हा हातकडी ‘घालतात’ किंवा ‘अडकवतात’. चुंबकीलाही हातकडीच म्हणा, क्रियापद मात्र ‘चिकटली’. साधा विद्युतचुंबक असेल तर बॅटरी उतरताच ती गळून पडेल. एवढी खोट खेळाडूंना पळायला पुरते.

बाकीच्यांसाठी संस्कृत समास जुळवत बसू नका. ‘ग्रीवानियंत्रक’ ऐकून कैदी हसेल. तबेल्यात आणि गोठ्यात शब्द तयार आहेत. ठाण्याला तबेल्याची भाषा नवी नाही : १८१६ साली दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून (आजचं मध्यवर्ती कारागृह) निसटले, तेव्हा मोतद्दाराने (घोड्याची निगा राखणाऱ्याने) घोड्याची मालिश करता करता गाण्यातून त्यांना निरोप पोचवले, असं सांगतात. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी कळत नव्हतं.

घोट्यातलं कडं म्हणजे ‘पायबंद’. घोड्याच्या मागच्या पायांना बांधून खुंटीला अडकवलेली ही दोरी. तिच्या लांबीपुरतं घोडं हलतं, पुढे नाही. तुमच्या कड्याची हद्द नेमकी हीच.

जड होणाऱ्या पट्ट्याला ‘लोढणं’. ओढाळ गुराच्या गळ्यात ओंडका बांधतात. चरताना तो फारसा आड येत नाही, पळू लागलं की गुडघ्यांवर आपटतो. शिक्षा पळण्याला, चालण्याला नाही. याहून चपखल नाव शोधून सापडणार नाही.

तारेसाठी ‘मुसक्या’, म्हणजे पाठीमागे आवळून बांधलेले दंड; नेहमी अनेकवचनात. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला घालतात ती मुसकी वेगळी. तो शब्द तोंड बंद करणाऱ्या उपकरणासाठी राखून ठेवा. ‘जेरबंद’चा मोह मात्र टाळा. तो घोड्याच्या छातीखालून जाणारा, मान उडवू न देणारा पट्टा असला, तरी आज ‘जेरबंद’ म्हटलं की पकडलेला बिबट्याच डोळ्यांपुढे येतो.

चौकटीला ‘खोडा’, म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं जुनं लाकडी साधन. फक्त विभक्ती सांभाळा. कार्डावर ‘कैद्याला खोड्यात घातलं’ असं लिहा. ‘कैद्याच्या कामात खोडा घातला’ लिहिलंत, तर तो मोकळाच फिरतोय आणि पहारेकरी नुसता त्याचे बेत बिघडवतोय, असा अर्थ होईल.