कार्ल्सबर्गाइट म्हणजे काय, आणि ते उल्केत का सापडतं?

भावा, विचारलंयस ते सोपं आहे, क्रोमियम आणि नायट्रोजन एकास एक, म्हणजे क्रोमियम नायट्राइड, बास. ग्रीनलंडच्या केप यॉर्क उल्केचा अगपालिलिक नावाचा जवळपास २० टनाचा तुकडा १९६३ मध्ये सापडला, त्यात हे मिळालं आणि १९७१ मध्ये नवीन खनिज म्हणून जाहीर झालं. नाव कार्ल्सबर्ग फाउंडेशनवरनं, तीच बिअरवाली, कारण त्यांनी या कामाला पैसे दिलेले.

आता का सापडतं. लघुग्रहाच्या पोटात लोखंड-निकेल तापलेलं असताना थोडा क्रोमियम-नायट्रोजन त्यात विरघळून राहतो, मग ते लाखो वर्षं हळूहळू थंड होतं तसं धातूत मावत नाही म्हणून बारीक पातळ चकत्या होऊन बाहेर पडतो, पाकात साखर धरते तसं, फक्त इतक्या बारीक की पॉलिश करून मायक्रोस्कोपखालीच दिसणार. आपल्या कोल्हापूरच्या शिरोलीतल्या फाउंड्रीत कास्टिंग साच्यात तासाभरात गार होतंय, तिथं एवढा निवांतपणा कुठला!

पण क्रोमियम नायट्राइड तुझ्या ओळखीचं असेल हं, टूल आणि डायवर (धातूला आकार देणाऱ्या साच्यावर) झीज होऊ नये म्हणून सीआरएन (CrN) कोटिंग मारतात ना, तेच हे. उद्यमनगरातल्या कारखान्यात कुणालाही विचार.