वुक दाखवा, फक्त शेजारी बसा

तुम्ही विचारलंय की बुदापेस्टला येऊन चारच महिने झालेत, लेक साडेपाच वर्षांची, तिच्या ओवोदात म्हणजे बालवाडीत सगळी पोरं वुक वुक करत असतात, म्हणजे कोल्ह्याच्या पिल्लाचा तो हंगेरियन कार्टून सिनेमा, पण त्यात आईबाप मरतात असं कळल्यामुळे दाखवायची हिंमत होत नाहीये. दाखवा हो. फक्त तिला लावून देऊन तुम्ही कुकर लावायला जाऊ नका. मी इथे नऊ वर्षं आहे, दोन पोरांना दाखवून झालाय, म्हणून सांगते.

सिनेमा १९८१ चा, पान्नोनिया स्टुडिओचा, दिग्दर्शक अत्तिला दारगाई. सव्वा तासाच्या आसपास आहे, हाताने काढलेली चित्रं, त्यामुळे आजकालच्या कार्टूनसारखा डोळ्यावर मारा नाही. गोष्ट फेकेते इश्तवान यांच्या पुस्तकावरून घेतलीय (इथे आडनाव आधी लावतात, तुम्हाला एव्हाना कळलंच असेल), आणि गंमत म्हणजे हा लेखक स्वतः शिकारी होता, तरी गोष्ट सगळी कोल्ह्याच्या बाजूने. खरं तर वुक म्हणजे आपलं खोकड, कोल्हा नव्हे, पण घरात कोल्हाच म्हणा, खोकड म्हटलं की पोरं खोकल्यावर जातात.

आता मरण्याचं. सुरुवातीलाच शिकारी वुकच्या घरातल्या सगळ्यांना संपवतो, एकटा वुक वाचतो, आणि म्हातारा नातलग करक त्याला आपल्याकडे घेऊन जातो. या प्रसंगाची धास्ती सगळेच घेतात, पण आमचा मोठा तेव्हा फक्त एवढंच म्हणाला, मग आता हा जेवणार कुठे? करकबाबा आले, प्रश्न मिटला. तो रडला पुढे, करकला गोळी लागते तेव्हा. ते मला कोणी सांगितलंच नव्हतं! तोपर्यंत करकने वुकला शिकार शिकवलेली असते, दटावलेलं असतं, लाड केलेले असतात, म्हणजे तुमच्या लेकीचाही तो आजोबा झालेला असणार. तेव्हा जवळ घ्या आणि कृपा करून फॉरवर्ड करू नका, आम्ही धाकटीच्या वेळी केलं तर ती सिनेमा संपेपर्यंत करक कुठे गेला, करक कुठे गेला हेच विचारत बसली. पुढे वुक त्या शिकाऱ्याच्या कोंबड्या-बदकांचा असा काही फडशा पाडतो की पोरं खो खो हसतात.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. आमच्या पोराचा पहिला लांबलचक हंगेरियन शब्द याच सिनेमातला, शिमाबोऱ्यू, म्हणजे गुळगुळीत कातडीचा. प्राणी माणसाला असं म्हणतात! लिहिताना एस असतो पण इथे त्याचा श होतो, म्हणून तर इथली माणसं बुदापेश्त म्हणतात. पुढे महिनाभर आमच्या घरी दाढी करून बाहेर आलेल्या बाबाला शिमाबोऱ्यू अशी हाक होती.

आणि ते टायटल साँग डोक्यातून जात नाही, आधीच सांगून ठेवते. संगीत पीटर वुल्फ यांचं आणि गायलंय त्यांच्या छोट्या मुलीने, काती वुल्फने, तीच पुढे २०११ ला युरोव्हिजन या देशादेशांच्या गाण्याच्या स्पर्धेत हंगेरीकडून गायली. कोल्ह्याचं गाणं लांडग्यांच्या घरात झालं म्हणायचं.

तरीही धीर होत नसेल तर आधी मॉज्यॉर नेपमेशेक लावा, हंगेरियन लोककथा, सात-आठ मिनिटांचा एकेक भाग, असे शंभर आहेत, यूट्यूबवर इंग्लिशमधूनही मिळतात. केच्केमेत या इथल्याच शहरातल्या स्टुडिओत झालेत आणि चित्रांमध्ये इथल्या भरतकामाची वेलबुट्टी अशी काही फिरते की मीच बघत बसते, पोरं बाजूलाच राहतात. माचकाफोगो म्हणजे उंदीर-मांजरांचा तो १९८६ चा सिनेमा मात्र अजून दोन-तीन वर्षं थांबवा, जेम्स बाँडची टिंगल आहे, आत्ता तिला निम्मं कळणार नाही.

एक मात्र बघून लावा, २००८ ला वुकचा कॉम्प्युटरवाला पुढचा भाग आलाय. सर्च केलं की कधीकधी तोच आधी येतो. आम्ही अर्ध्यात बंद केला, धाकटी म्हणाली हा वुक नाहीच आहे.