लांबच्या सागरसफरीत सोबत्याला बोट लागली तर

गंगापूर धरणाच्या संथ पाण्यावर बोट चालवलेल्या आपल्या नाशिककरांना बोट लागणे म्हणजे काय, हे पहिल्या समुद्रप्रवासापर्यंत कळत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच प्रत्येक सोबत्याला कसारा घाटात गाडी लागते का, हे विचारून घ्या. ज्याला लागते त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी बोट सुटण्याआधीच घ्यावी, कारण उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

जांभया, घाम, पांढरा पडलेला चेहरा आणि बोलक्या माणसाचे एकाएकी गप्प होणे, ही लक्षणे दिसताच त्याला डेकवर आणून सुकाणू हाती द्या; नजर क्षितिजावर राहिली की डोळे आणि कानातला तोल यांच्यातील विसंगती कमी होते. ते जमत नसेल तर बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूस, डोळे मिटून आडवे होऊ द्या. उलटीसाठी बादली द्या. कठड्यावरून वाकू देऊ नका आणि डेकवर असेपर्यंत त्याचा सुरक्षापट्टा अडकवलेलाच असावा. याबाबत मी कोणाचेही ऐकत नाही.

खरा धोका अंगातले पाणी कमी होण्याचा असतो. ओआरएस दर काही मिनिटांनी चमचा-दोन चमचे पाजा. गटागटा प्यायल्यास तेही बाहेर पडते. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते, तोवर त्याची पहाऱ्याची पाळी इतरांनी वाटून घ्यावी. लघवी अगदी कमी व गडद होऊ लागली, किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर सॅटेलाइट फोनवरून वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब करू नका.