कपडे आपण जाहिरात बघून घेतो की चारचौघांत मिसळण्यासाठी?

तुम्ही विचारलंय की अकरावीतली मुलगी रीलमध्ये दिसलेलेच कपडे मागते, यात दोष जाहिरातीचा की मैत्रिणींचा. बेळगावात खडेबाजाराजवळ आमचं कापडाचं दुकान आहे. गल्ल्यावर बसून जे दिसतं ते सांगतो.

जाहिरात गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीपर्यंत आणते. पाकीट उघडतं ते आणखी कुणी घेतलंय हे कळल्यावर. साडी उलगडली की हात पदरावरून फिरतो, काठ उलटा करून बघितला जातो आणि मग हमखास प्रश्न येतो, ‘हे चाललंय का ओ आता?’ रंग जातो का, हे त्यानंतर. सोबत आलेल्या जावेनं नाक मुरडलं तर कितीही मोठ्या नटीनं नेसलेली साडी परत घडीत जाते.

खणाचंच बघा. गुळेदगुड्डचा खण आमच्याकडे पूर्वापार येतो. त्रिकोणी घडी घालून ओटीत घालायचा, नाहीतर आजीच्या इरकलीवर चोळी शिवायची. मधल्या काळात पोरींना तो गावठी वाटायचा. ओटीत आलेले खण ट्रंकेत पडून राहायचे. मग पुण्या-मुंबईच्या मुलींनी त्याच्या साड्या, कुर्ते, पर्सा शिवल्या, फोटो टाकले, आणि आमच्या टिळकवाडीतल्या पोरी मोबाईल पुढे करून ‘असलंच दाखवा’ म्हणू लागल्या. माल येतो आमच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातून, पण पसंतीचा शिक्का पुण्याचा लागतो. विणकाम होतं तसंच आहे. आता तो कोण नेसतं, एवढंच बदललं.

जाहिरात आणि आपलेपणा हातात हात घालून कसे चालतात हे बघायचं असेल तर नवरात्रातले नऊ रंग बघा. अनेकांना वाटतं ही जुनी परंपरा. प्रत्यक्षात २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘महाराष्ट्र टाइम्स’नं ती रुजवली. रंग वारावर ठरतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, शनिवारी करडा. वाचक बायका ऑफिसात एका रंगात जमायच्या, फोटो पाठवायच्या आणि तो छापून यायचा. साडी विकत घ्या असं त्यात कुठंच म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही वेगळ्या रंगात गेलात तर फोटोत नाही, एवढंच. आज सीमेच्या अलीकडे, कन्नड बोलणाऱ्या घरांतसुद्धा, बँकेतल्या आणि शाळेतल्या बायका त्याच क्रमानं नेसतात. करडा रंग एरवी आमच्याकडे कोण मागतं? नवरात्राच्या आदल्या आठवड्यात मात्र तो पुरवताना नाकी नऊ येतात. (धंदा आमचाही होतो, तक्रार कसली करणार!)

तरी आपल्या माणसांसारखं दिसावंसं वाटणं म्हणजे निव्वळ बनवाबनवी, असं मी म्हणणार नाही. १९२४ साली गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन बेळगावात झालं. त्या काळी खादी हीच ओळख होती. बेळगाव महाराष्ट्रात न घेतल्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळताना इथली मराठी माणसं काळे कपडे घालून फेरीत उतरतात, त्यांना कुठल्या कंपनीनं भरीस घातलेलं नसतं. शिवजयंतीला मंडळाचे सगळे एकाच रंगाच्या कुर्त्यात असतात, आणि तरी प्रत्येकाला आपला फेटा शेजाऱ्यापेक्षा झोकात हवा असतो. सगळ्यांसारखं असावं आणि त्यातच थोडं उठूनही दिसावं, ही फॅशनची ओढाताण जॉर्ज झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९०४ सालीच मांडली होती. कंपन्या त्या ओढाताणीवर धंदा करतात. फरक इतकाच की मंडळाचा कुर्ता पुढच्या वर्षीही चालतो. रीलमधला ट्रेंड मात्र तसा टिकू दिला जात नाही. टिकला तर दुसरा माल खपायचा कसा?

आता मुलीचं. ‘जाहिरातीला भुलू नकोस’ हे सांगून उपयोग नाही, कारण तिची भीती जाहिरातीबद्दल नाहीच. कॉलेजच्या कट्ट्यावर आपण एकटे पडू, याची ती आहे, आणि त्या वयात ती खोटी नसते. १९५१ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. रेघांची लांबी ओळखायची, साधं काम. पण बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत होते. डोळ्यांना नीट दिसत असूनही पुष्कळांनी अधूनमधून त्यांच्या हो ला हो मिळवलं. मात्र गटातल्या एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी हे मान डोलावणं खूप कमी झालं.

म्हणून माझा सल्ला दुकानदाराला न शोभणारा आहे: तिला एकटीला उपदेश करण्यापेक्षा तिच्या जिवलग मैत्रिणीला बरोबर घेऊन बाजारात या. दोघी मिळून कापड निवडू देत, गणपत गल्लीतून बटणं-लेस घेऊन ओळखीच्या टेलरकडे शिवू देत. दोघींच्या अंगावर एकसारखं काही आलं की बाकीच्या ‘कुठून घेतलं गं?’ विचारतात, हे मी कितीदा पाहिलंय. ट्रेंडमधला एखादा टॉप मागितला तर तोही घेऊन द्या, त्यावरून घरात महाभारत नको. फक्त ऑनलाइन सेलमध्ये तीन घेण्याऐवजी एकच, आणि शिवण उलटून बघून.